मैत्रिणीच्या गावची सायकलवाट

मागच्या वेळी आपण गटाचं कर्ज-रजिस्टर कसं लिहायचं ते बघितलं. आज वह्या बाजूला ठेवू. आज मी सायकलीबद्दल सांगणार आहे, आणि तीसुद्धा डांबरी रस्त्यावरच्या नाही, डोंगरावरच्या. तुम्ही म्हणाल, ताई, डोंगराशी आमचं नातं सरपणाचं आणि शेळ्यांचं, तिथं सायकल कुठून आली? दिवाळीपर्यंत मलाही हेच वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर मी दोन दिवस मैत्रिणीकडे राहायला गेले. बी.ए.ला आम्ही एका बाकावर होतो. तिचं सासर पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. अंजीर आणि सीताफळाचा हा मुलूख. इथल्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाऊस बेताचा. सह्याद्री ढग अडवतो आणि पुरंदरच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यामुळे इथल्या बायकांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही.

रविवारी सकाळी आम्ही अंगणात चहा घेत होतो. तेवढ्यात वस्तीवरून सात-आठ सायकली खडखडत गेल्या. डोक्याला टोप्या, अंगाला घट्ट कपडे, दोघी बायकाही होत्या. मी कौतुकानं बघायला लागले, तर मैत्रिणीच्या मोठ्या जाऊबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, “आले बघा, आमच्या चरांवरनं नाचायला.”

मी विचारलं, “काय झालं वहिनी?”

“काय व्हायचंय? उन्हाळ्यात पाठ मोडंस्तोवर चर खांदले. ह्यांनी त्याच्या भरावावरनं सायकली घातल्या. पाऊस आला आन तिथनंच फुटला. आता परत आले तर वाटेत तार बांधनार हाय, बघाच.”

ती ‘तार’ ऐकून माझ्या हातातला चहा तसाच राहिला. त्या तारेकडे मी येते. आधी ही सायकल काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं भांडण नीट कळेल.

या सायकलीला माउंटन बाईक म्हणतात. आपण तिला डोंगरी सायकल म्हणू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण पोरं जुन्या, जाड टायरच्या, बिनगियरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुसाट यायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच असायचा. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि खाली आल्यावर ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. ‘पुन्हा भरणं’ याला इंग्रजीत रीपॅक म्हणतात. म्हणून १९७६ साली त्यांनी सुरू केलेल्या शर्यतीचं नावच पडलं रीपॅक. पुढं त्या पोरांनी सायकलींना चांगले ब्रेक लावले, गियर बसवले. १९८० च्या सुमारास कारखान्यातून अशा सायकली निघू लागल्या, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये पुरुषांची आणि बायकांची, दोन्ही शर्यती झाल्या.

याच भागातली जॅकी फेलन ही बाई या खेळात अमेरिकेची तीन वेळा विजेती झाली. तिनं नंतर बायकांचं एक मंडळ काढलं. त्याच्या नावाचा अर्थ होतो, बायकांची डोंगरी सायकल आणि चहा मंडळी. मला हे नाव फार आवडलं. बायका कुठंही गेल्या तरी एकत्र जमायला चहा लागतोच.

आता या सायकलीत वेगळं काय? त्या दिवशी एका सायकलीचं पंक्चर झालं म्हणून ती मंडळी मैत्रिणीच्या गोठ्याजवळ थांबली. त्यातल्या एका ताईंनी मला सगळं हात लावून दाखवलं.

पहिलं म्हणजे टायर. जाड, दोन-सव्वादोन इंच रुंद, आणि त्याला ट्रॅक्टरच्या टायरसारखे खिळे. हवा मात्र कमी ठेवतात. कमी हवेचा टायर दगडावर थोडा दबतो आणि जमीन धरून ठेवतो. खच्चून भरलेला टायर दगडावरून चेंडूसारखा उसळतो. दुसरं, पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांत स्प्रिंग किंवा दाबलेली हवा असते. मोटारसायकलीच्या शॉकअपसारखंच. खड्डा आला की धक्का तिथं जिरतो, मनगटापर्यंत कमी येतो. तिसरं, ब्रेक. चाकाच्या मधोमध लोखंडी चकती असते आणि ब्रेक तिला धरतो. चाकाची कड चिखलानं माखली तरी ब्रेक लागतो.

चौथा गियर. याचं गणित सोपं आहे. पायडलजवळच्या चक्राला दाते असतात, मागच्या चाकालाही दातेरी चक्र असतं, मध्ये चेन. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक सुमारे अडीच वेळा फिरतं. सपाट रस्त्यावर हे छान. चढावर मात्र प्रत्येक फेरीला अडीच फेऱ्यांचं ओझं पायावर येतं, म्हणून आपण उतरून ढकलत नेतो. डोंगरी सायकलीला मागे लहानमोठी बरीच चक्रं असतात. पुढे ३२ आणि मागेही ३२ दात्यांवर चेन घेतली, तर पायडलच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी होते. सायकल हळू जाते, पण पायावर भार हलका येतो. मैत्रीण चटकन म्हणाली, “म्हणजे हप्ता लहान केला आणि मुदत वाढवली.” अगदी तसंच. कर्ज तेवढंच, चढ तेवढाच. हप्ता झेपेल एवढा केला की फिटतं.

मग त्या ताई मला म्हणाल्या, “बसून बघा की.”

मी कॉलेज सुटल्यापासून सायकलीला हात लावला नव्हता. साडीवर कसं जमणार म्हणून मैत्रिणीच्या पोरीची सलवार-कमीज चढवली. वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. ताईंनी त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं आणि गळ्याखालचा पट्टा आवळला. पट्टा आणि हनुवटी यात दोनच बोटं मावली पाहिजेत, सैल राहिला तर हेल्मेट असून नसल्यासारखं. मग आम्ही वस्तीमागच्या जुन्या गाडीवाटेनं निघालो.

पहिल्या शंभर पावलांतच मी पडले. वाटेत एक मोठा दगड होता, मी त्याच्याकडेच बघत होते आणि त्याच्यावरच जाऊन आदळले. ताई म्हणाल्या, “दगडाकडं बघू नका, दगडाशेजारच्या जागेकडं बघा. नजर जिकडं, चाक तिकडं.” दुसऱ्यांदा हे केलं आणि खरंच जमलं. आणखी तीन गोष्टी त्यांनी शिकवल्या. उतारावर सीटवर बसायचं नाही. दोन्ही पायडल सारख्या उंचीवर ठेवून गुडघे थोडे वाकवून उभं राहायचं आणि अंग मागं घ्यायचं. पुढचा ब्रेक एकटा करकचून दाबायचा नाही, नाहीतर माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबत-सोडत धरायचे. आणि चढ यायच्या आधीच गियर हलका करायचा. चढावर दम संपल्यावर बदलायला गेलं की चेन कुरकुरते आणि उतरावं लागतं.

माळावरच्या टेकाडापर्यंत आम्ही पोचलो. मैत्रीण मागून चालत येत होती. वरून सगळं गाव दिसत होतं, अंजिराच्या बागा, पाझर तलाव, लांबवर पुरंदर किल्ला. मैत्रीण म्हणाली, “अगं, लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, पण इथं कधी नुसतं बघायला आले नव्हते. आले ती शेण-सरपणाला नाहीतर चर खांदायला.” मला ते वाक्य अजून आठवतं.

आणि तिथंच तो फुटलेला चर होता.

ज्यांच्या गावात पाणलोटाची कामं झाली आहेत त्यांना सलग समतल चर माहीत आहेतच. डोंगराच्या उताराला आडवे, ए-फ्रेम किंवा पाण्याची नळी लावून एकाच पातळीत आखलेले लांब चर. खोदलेली माती खालच्या बाजूला भराव म्हणून टाकायची. वरून येणारं पाणी चरात थांबतं आणि जमिनीत मुरतं. या सगळ्याचा जीव त्या भरावात असतो. भराव एका जागी जरी खाली बसला, तरी चरातलं सगळं पाणी त्याच जागेकडे धावतं, तिथून बाहेर पडतं आणि घळ पाडतं. चर जितका लांब, तितकं जास्त पाणी त्या एका फटीतून येतं.

सायकलींनी नेमकं तेच झालं होतं. पावसाळ्याच्या तोंडी, माती ओली असताना, पाच-पन्नास वेळा चाकं एकाच जागेवरून गेली. ओल्या मातीत चाकाचा खोल पन्हाळ पडतो. पुढचा पाऊस त्या पन्हाळातून वाहतो आणि तो आणखी खोल करतो. तिथं कमरेएवढी घळ पडली होती आणि खालच्या बाजूच्या एका आत्यांच्या ज्वारीच्या पट्टीत मुरूम येऊन पसरला होता. ती आत्या एकटी राहते. तेवढीच तिची पट्टी.

त्या ताई खाली बसून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, हा नुसता मातीचा उंचवटा आहे. उडी मारायला बरा म्हणून आम्ही तिथूनच जायचो.” त्यांच्या बोलण्यात सबब नव्हती. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आपल्याला जो चर वर्षाच्या पाण्याचा हिशेब वाटतो, तो परक्या माणसाला मातीचा ढीग दिसतो. आणि त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं, कारण ते येत, जात, आणि आपण दारातून रागानं बघत राहत होतो.

आता त्या तारेबद्दल. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. वाटेवर तार किंवा दोरी आडवी बांधायची नाही. कधीच नाही. उतारावर वेगानं येणाऱ्याला बारीक तार दिसत नाही. ती गळ्याला लागली तर जीव जातो. तोच घाव अंधारात मोटारसायकलीवरून दूध घालायला जाणाऱ्या आपल्याच पोरालाही लागू शकतो. आणि असं मुद्दाम करून कुणी मेलं, तर तो फौजदारी गुन्हा आहे. चराचा न्याय बाजूला राहील आणि कोर्टाच्या फेऱ्या आपल्या मागे लागतील. काट्यांच्या फांद्या टाकल्या तरी तेच. सायकलवाले एक पंक्चर काढतील आणि शेजारच्या अंजिराच्या बागेतून नवी वाट पाडतील. वाट अडवायचीच असेल तर लांबून दिसेल अशी, दगडांची रांग आणि पाटी लावून अडवायची.

पण वाट अडवायचा हक्क कुणाचा, हाही प्रश्न आहेच. डोंगरावरची सगळी जमीन एका मालकाची नसते. आपण चार प्रकार लक्षात ठेवू. खाजगी शेत किंवा पड, तिथं मालकाची संमती लागते. गायरान आणि गावठाणाची जागा, तिथं ग्रामपंचायत आणि ग्रामसभा ठरवते. वनखात्याची जमीन, तिथं वनखात्याची परवानगी लागते, ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. आणि गावाच्या नकाशावर तुटक रेषांनी दाखवलेले जुने गाडीरस्ते, पाऊलवाटा. गावनकाशा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात बघायला मिळतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात जायला शेजारच्या शेतांच्या बांधावरून वाट मागता येते. चालू वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण हे हक्क शेतकऱ्याच्या वहिवाटीसाठी आहेत. रविवारी मजेला आलेल्या पाहुण्याला त्यावर बोट ठेवून कुणाच्या शेतातून जाता येत नाही. त्याला विचारूनच जावं लागतं, आणि विचारलं तर आपण काय उत्तर द्यायचं हे गावानं आधी ठरवलेलं बरं.

त्या दिवशी दुपारी गटाच्या बायका मैत्रिणीच्या ओट्यावर जमल्या. सायकलवाल्यांपैकी तिघं थांबली. बोलणं सुरुवातीला गरमच झालं. आत्या म्हणाल्या, “तुमाला खेळ सुचतोय, माझी पट्टी गेली त्याचं काय?” कुणी काही बोललं नाही. मग त्या ताई म्हणाल्या, “पुढच्या रविवारी आम्ही सगळे येतो. सायकली खाली ठेवतो आणि भराव बांधून देतो. तुम्ही सांगा कसा बांधायचा.”

मला वाटलं, बोललेलं विसरतील. पण मैत्रिणीनं फोन करून सांगितलं, नऊ जण आले. वहिनी ए-फ्रेम घेऊन उभ्या होत्या आणि शहरातली माणसं टिकाव चालवत होती. फुटलेल्या जागी आधी दगडांची पिचिंग, वर मुरूम, मग मातीचा थर, आणि प्रत्येक थर पाणी मारून चोपलेला. आत्यांच्या पट्टीतला मुरूमही त्यांनी पाट्यांनी उचलून बाहेर टाकला. पण दबलेली ज्वारी काही परत उभी राहिली नाही. ते नुकसान झालं ते झालंच.

वाट मात्र नव्यानं आखली गेली. आणि इथं मला एक गोष्ट कळली. डोंगरात टिकणारी सायकलवाट आखायचे नियम आणि चर आखायचे नियम एकाच विचारातून आले आहेत. पाण्याला सरळ उतार मिळू द्यायचा नाही. वाट उभ्या उतारानं खाली सोडली की ती ओढा होते. वाट डोंगराच्या अंगाला आडवी, हळूहळू चढत जाणारी हवी. जाणकार एक अंदाज सांगतात, वाटेचा चढ त्या जागेच्या डोंगरउताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावा. म्हणजे उतार दहा फुटांत चार फूट असेल, तर वाट दहा फुटांत दोन फुटांपेक्षा जास्त चढू नये. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला ठेवायचा, म्हणजे पडलेलं पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवं निघून जातं. वहिनी म्हणाल्या, “एवढंच व्हय? मग हे तर आमाला आधीच येतंय.” आणि खरंच, शहरातल्या माणसांपेक्षा चांगली रेघ त्यांनीच मारून दाखवली.

चरांमधून जावं लागेल अशी एकच जागा उरली. तिथं भरावावर मोठे सपाट दगड रोवले आणि पाटी लावली, ‘इथे उतरा, सायकल उचलून न्या’. पावसाळ्याचे महिने वाट बंद. पाऊस झाल्यावर निदान दोन दिवस वाट सुकू द्यायची. शेळ्या-मेंढ्या, बैल समोर आले तर सायकलवाल्यानं उतरून बाजूला उभं राहायचं. हे सगळं गायरानाच्या भागापुरतं ग्रामसभेत ठरलं. वनखात्याच्या हद्दीत जायचं नाही हेही त्यातच लिहिलं.

आता तुम्ही विचाराल, यात गटाला काय मिळालं? मीही तेच विचारलं. मैत्रिणीच्या गटानं ठरवलं, रविवारी नाष्टा द्यायचा. पहिल्या रविवारी त्यांनी वीस जणांचं पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत केलं. आले सहा. सहातल्या चौघांनी अर्धीच भाकरी खाल्ली. कारण पुन्हा सायकल चालवायची असेल तर पोट जड करून चालत नाही. त्या दिवशी गटाला घरचं पीठ आणि तेल धरून तोटाच झाला, आणि बायकांची तोंडं उतरली.

पण गटाची वही होती, तोटा लिहिला गेला, म्हणून विचार झाला. आता दोन नियम आहेत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोनवर किती जण येणार ते सांगायचं आणि निम्मे पैसे आधी द्यायचे. आणि जाताना वेगळं खाणं, परतल्यावर वेगळं. जाताना केळं, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, ताक. परतल्यावर भाकरी. बरोबर न्यायला साखर-मिठाचं पाणी. घाम गेला की नुसतं पाणी पुरत नाही, मीठही भरून काढावं लागतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. हेच पाणी जुलाबाच्या पोरालाही चालतं, म्हणून प्रमाण पाठच करा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

खाणं विकायचं तर अन्न सुरक्षा कायद्याखाली छोट्या विक्रेत्यालाही नोंदणी लागते, ती त्यांनी करून घेतली. ज्या गटांना याहून मोठं काही करायचं आहे, राहायची सोय वगैरे, त्यांनी राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आणि महिलांसाठीचं २०२३ चं ‘आई’ पर्यटन धोरण यांची माहिती पर्यटन विभागाकडून घ्यावी. पण माझं ऐकाल तर आधी कर्ज नको. आधी दहा रविवार करून बघा. वहीत काय उरतं ते बघा. मग ठरवा.

आणखी एक गोष्ट झाली, ती मला सगळ्यात मोठी वाटते. मैत्रिणीची मुलगी आठवीत आहे. शाळा चार किलोमीटर. तिची सायकल पंक्चर होऊन गोठ्यात उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या. ‘वाट खराब, सारखं पंक्चर होतं’ म्हणून बापानं तिला कधी मोटारसायकलीवर सोडायचं, आणि कामाच्या दिवसात पोरगी घरीच. खाडे वाढत होते. त्या रविवारी तिनं पंक्चर काढताना बघितलं आणि मग स्वतः शिकली. तुम्हीही ऐका, अवघड काहीच नाही.

ट्यूब बाहेर काढायची, हवा भरायची आणि पाण्याच्या पाटीत बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. तिथं पेननं खूण करायची. ट्यूब कोरडी करून खुणेभोवती पॉलिश कागदानं घासायचं. सोल्युशनचा पातळ थर लावायचा आणि लगेच तुकडा चिकटवायचा नाही. चार-पाच मिनिटं थांबायचं, बोटाला ओलं लागेनासं झालं की तुकडा दाबून बसवायचा. घाई केली की तुकडा सुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टायरच्या आतून चिंधी फिरवायची. सराटा किंवा बाभळीचा काटा आतच राहिला असेल तर ट्यूब पुन्हा फुटते. चिंधी त्यात अडकते, बोट फिरवलं तर बोटात काटा जातो.

आता ती पोरगी रोज सायकलीवर जाते. रविवारी पाहुण्यांची पंक्चर काढते, त्याचे पैसे तिच्या नावानं बचतीत जातात. बाप आधी म्हणत होता, पोरीच्या जातीनं काय पंक्चर काढायचं. परवा त्याच्याच मोटारसायकलीचं चाक बसलं तेव्हा त्यानं गुपचूप तिला हाक मारली.

हे नवीन नाही बरं का. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी मोहिमेतल्या बायकांना सायकल घ्यायला कर्ज मिळेल असं बघितलं. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांडीवर पोराला बसवायला जागा करता येते. शेतमजूर, खाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया सायकलीवरून जाऊ लागल्या. माल बाजारात न्यायला, पाणी आणायला, कुणाच्या मागे न लागता जाता येऊ लागलं. सायकलीनं त्यांचा वेळ वाचला, आणि बाईचा वाचलेला वेळ म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

मैत्रिणींनो, आपण गटाची पंचसूत्री पाठ केलेली आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या वह्या. तशीच तुमच्या गावाच्या डोंगरावर पाहुणे फिरायला येत असतील तर पाच गोष्टी करा. एक, आधी स्वतः ती वाट चालून बघा, कुठं चर, कुठं शेत, कुठं मोहोळ. दोन, जमीन कुणाची ते नकाशावर तपासा आणि ज्याची आहे त्याला विचारा. तीन, ज्यांचं नुकसान होऊ शकतं त्यांना बैठकीत पहिल्यांदा बोलू द्या. चार, नियम पाटीवर लिहा, तार बांधू नका, आणि अपघात झालाच तर १०८ नंबरला फोन करा. पाच, पैसा आला तरी गेला तरी वहीत लिहा.

गेल्या महिन्यात मी परत गेले होते. आत्यांनी पट्टीत हरभरा पेरला होता. भराव जागेवर होता, पण खरी परीक्षा जूनमध्येच होईल. वहिनी म्हणाल्या, “पयल्या पावसात मी सवता जाऊन बघनार. फुटला तर त्यांना फोन लावनार, टिकाव घेऊन या म्हनून.” नंबर त्यांनी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलाय.

मी या वेळी पडले नाही. टेकाडापर्यंत गेले आणि मैत्रीणही आली, पोरीच्या सायकलीवर, अर्धी वाट चालवत, अर्धी ढकलत. वर दोघी बसलो, डब्यातला चहा प्यायलो आणि घरच्यांची हाक येईपर्यंत खाली उतरलो नाही.

तुमच्या गोठ्यात, पडवीत अशी एखादी सायकल उभी असेल तर या रविवारी तिच्यावरच्या पेंढ्या काढा. आज इतकंच. नमस्कार.